पोट दुखते की जांघ?

श्रोतेहो, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांची एक तक्रार असते. उठताना कंबर धरते, जांघेत ओढ लागते आणि पोटही जड वाटते. मग कोणीतरी सांगतो, ‘जांघेचा स्नायू आखडलाय, तो मोकळा करा, पचन आपोआप सुधारेल.’ यात तथ्य किती?

या स्नायूचे नाव सोआस. कंबरेच्या मणक्यांपासून निघून आतड्यांच्या मागून तो खाली उतरतो आणि मांडीच्या हाडाला आतल्या बाजूने चिकटतो. जिना चढताना मांडी उचलतो तो मुख्यतः हाच. तो आखडला तर ओढ खोलवर जाणवते आणि पोटच दुखतेय असे वाटू शकते. पण त्यामुळे बद्धकोष्ठ होते, याला भक्कम पुरावा नाही. स्नायूला ताण देऊन बरे वाटत असेल तर जरूर द्या. पोट साफ व्हायला मात्र अधूनमधून उठून चालणेच अधिक उपयोगी, असे माझे मत.

डॉक्टरांना काळजी असते ती उलट्या गोष्टीची. आंत्रपुच्छ, म्हणजे आपले अपेंडिक्स, उजव्या सोआसच्या शेजारीच असते. त्याला सूज आली की काही रोगी उजवा पाय पोटाशी घेऊन पडतात. सरळ केला की कळ येते. डाव्या कुशीवर वळवून डॉक्टर उजवा पाय मागे नेऊन बघतात, ते यासाठीच. अशा वेळी घरी पाय ओढत किंवा पोट चोळत बसू नका, जुलाबाचे औषधही घेऊ नका. उजव्या ओटीपोटात दुखणे वाढत असेल, सोबत ताप किंवा उलटी असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.