मुलाच्या मनाची जखम आणि घराचे कर्तव्य

(पालकांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



वकिलाला सभेत बोलावले म्हणजे तो कायद्याची कलमे सांगणार, अशी लोकांची समजूत असते. मीही ती सांगणार आहे. परंतु प्रारंभ एका मुलापासून करतो.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या कचेरीत आले. वर्गशिक्षक शिष्यवृत्तीच्या मुलांना नाव घेऊन उभे करीत आणि "हे सरकारचे जावई" असे सर्व वर्गासमक्ष म्हणत. मुलाने शाळेत जाणे सोडले होते. वडिलांना फिर्याद करावयाची होती. मी मुलाला विचारले, "हे तू घरी केव्हा सांगितलेस?" तो खाली मान घालून म्हणाला, "पहिल्याच दिवशी. पण शाळा बुडवली म्हणून बाबांनी मारले." वडील स्तब्ध झाले. त्या मुलाला एक जखम शाळेने केली होती, आणि दुसरी घराने. पहिलीवर कायद्याचा इलाज आहे. दुसरीविषयी मी आज मुख्यतः बोलणार आहे.

अपमान ही मनाची खरीखुरी इजा आहे, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. पूज्य बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत इतर मुलांपासून वेगळे, एका कोपऱ्यात बसावे लागे. बसण्याचे गोणपाट रोज घरून आणावे लागे आणि सायंकाळी परत न्यावे लागे. शिपाई हजर नसला तर तहान लागूनही पाणी मिळत नसे. पुढे परदेशांतील विद्यापीठांच्या पदव्या मिळवून आलेल्या त्या महापुरुषाने प्रौढ वयात आपल्या आठवणी लिहिल्या, तेव्हा त्या गोणपाटाचा आणि त्या तहानेचा विसर त्यांना पडला नव्हता. बालपणीचा अपमान असा टिकतो.

अमेरिकेत हीच गोष्ट न्यायालयापुढे गेली. केनेथ आणि मॅमी क्लार्क या निग्रो मानसशास्त्रज्ञ दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या 253 कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. रंगावाचून त्या बाहुल्यांत काही भेद नव्हता. बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हणून निवडली. "यांत तुझ्यासारखी कोणती?" या प्रश्नावर काही मुले रडू लागली. ज्या वयात धड अक्षरओळखही नसते, त्या वयात समाजाने त्यांच्या मनावर हीनतेचा शिक्का मारला होता. 17 मे 1954 रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला की, वर्णावरून मुलांच्या सार्वजनिक शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य आहे. अशा विभक्ततेने मुलाच्या अंतःकरणात जो न्यूनगंड निर्माण होतो, तो कदाचित कधीच भरून निघणार नाही, असे त्या निर्णयाचे तात्पर्य आहे. इमारत, पुस्तके, शिक्षक सारखे असले तरी मनाची हानी ती हानीच, हे तेथे कायद्याने मान्य केले.

आपल्या देशातही आज कायदा मुका नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने विद्यार्थ्याला शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. कलम 32 अन्वये स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तिचा निकाल तीन महिन्यांत द्यावयाचा असतो. जातीवरून हेतुपुरस्सर उपमर्द झाल्यास 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. बौद्ध झाल्यामुळे हे संरक्षण गेले, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नका. 1990 च्या दुरुस्तीपासून बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तींचा दर्जा कायम मानला गेला आहे.

पण कायद्याचा हात शाळेच्या फाटकापर्यंत पोहोचतो. रात्री अंथरुणात कण्हणाऱ्या मुलापर्यंत आईबापांचाच हात पोहोचतो. आणि तो हात मारण्यासाठी उठत असेल, तर? 2015 च्या बालन्याय कायद्याचे कलम 75 ज्याच्या ताब्यात बालक आहे अशा प्रत्येकाला लागू आहे. त्यातून आईबाप सुटत नाहीत. मात्र मी तुम्हाला तुरुंगाची भीती घालण्यासाठी उभा नाही. आपण हीन नाही, हे सांगण्यासाठी आपण धर्मांतर केले. मग घरात मुलाला "तू नालायक आहेस" असे रोज म्हणणे आपल्याला कसे शोभेल?

हवाई बेटांपैकी कवाई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके मागोवा घेतला. दारिद्र्य, घरातील कलह, आईबापांचे आजार अशा अनेक आपत्तींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले सक्षम आणि प्रेमळ माणसे झाली. त्यांच्या जीवनात एक गोष्ट वारंवार दिसली : निदान एक वडीलधारे माणूस त्यांच्या पाठीशी ठाम उभे होते. ते आजी होते, मावशी होते, क्वचित शिक्षकही होते. पैसा नसताना देता येईल असे हे धन आहे.

म्हणून माझ्या चार सूचना ध्यानात ठेवा. मूल सायंकाळी घरी आल्यावर गुण विचारण्यापूर्वी दिवस कसा गेला ते विचारा, आणि त्याचे बोलणे मध्येच तोडू नका. शाळेच्या वेळी पोट दुखणे, झोप उडणे, अंथरूण ओले होणे, अभ्यासात एकाएकी मागे पडणे, यांना ढोंग म्हणू नका. ही लक्षणे टिकली तर डॉक्टरकडे न्या, त्यात लाज नाही. मुलाला आपला इतिहास घरीच सांगा, म्हणजे तो प्रथम टोमण्यातून त्याच्या कानी पडणार नाही. अपमान करणाराच दोषी असतो, हे त्याला निःसंदिग्ध शब्दांत सांगा. आणि मारू नका. मारलेच असेल, तर मुलाची क्षमा मागण्यास कचरू नका. संकटात सापडलेल्या बालकांसाठी 1098 हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही आहे.

त्या मुलाचे काय झाले? तक्रार दिली, शिक्षकांना समज मिळाली. परंतु मुलाला पुन्हा शाळेत जाण्याचे बळ त्या कागदाने दिले नाही. माझ्या कचेरीच्या पायरीवर वडील त्याच्यासमोर बसले आणि म्हणाले, "माझे चुकले." पुढे कित्येक महिने ते कामावर जाण्यापूर्वी त्याला शाळेच्या दारापर्यंत सोडून येत. मुलाचे पोट दुखणे हळूहळू थांबले.

बंधुभगिनींनो, फिर्याद लिहिणे माझे काम आहे, ते मी करीन. मुलाचे म्हणणे पहिल्याच दिवशी ऐकणे हे तुमचे काम आहे, आणि ते दुसरा कोणीही करू शकणार नाही.

जयभीम.