फडातलं आईपण

सन्माननीय अध्यक्ष, राज्यभरातून आलेले अभ्यासक आणि धारूर, केज, वडवणी, पाटोद्याहून आलेल्या माझ्या बायांनो, मातृत्वाच्या अभ्यासासाठी भरलेल्या या परिषदेत बीडकरांच्या वतीनं तुम्हा सगळ्यांचं मनापासून स्वागत.

परिषद बीडलाच व्हावी, हा आमचा आग्रह होता. दसरा-दिवाळी झाली की इथून टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल जोडीवर घेतलेली, म्हणून दिवस भरत आले तरी बाईला फडात जावंच लागतं. घरी थांबली तर खाडा. कोपीत बाळंत झालेली बाई अंग सावरायच्या आत पुन्हा मोळ्या वाहते. पिशवी काढलेल्या कितीतरी बाया या जिल्ह्यात आहेत. त्याच्या चौकशीसाठी २०१९ साली सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली.

थोरली लेकरं मात्र गावी आजीजवळ राहतात. हंगाम संपेपर्यंत आजीच त्यांना न्हाऊ-माखू घालते, शाळेत धाडते, ताप आला तर उशाशी बसते. आईपण असं दोघींत वाटलेलं असतं. फडातली ती आई आणि घरातली ही आजी, दोघींना एकत्र पाहणारा अभ्यास मला हवा आहे. त्यागमूर्ती म्हणून आईचे गोडवे आपण पुष्कळ गायले. तिची मजुरी, तिची झोप, तिचं ताट यांची विचारपूस फार कमी केली.

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी कारखान्यातल्या बायांसाठीच्या प्रसूति-लाभ विधेयकाची बाजू घेतली, १९२९मध्ये कायदा झाला. पुढं १९६१चा देशव्यापी कायदा आला आणि २०१७च्या दुरुस्तीनं पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पुण्या-मुंबईच्या कंपनीत काम करणाऱ्या लेकीला ती मिळते, याचा मला आनंदच आहे. पण रजा संपल्यावर तिचं बाळ सांभाळायला येणारी बाई आपलं तान्हं कुणाजवळ ठेवून येते? या दोघींचं आईपण एकमेकींत गुंतलेलं आहे. एकीला वगळून दुसरीचा अभ्यास पुरा होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

उद्या दुपारच्या सत्रात टोळीतल्या बाया स्वतः बोलणार आहेत. त्यांना वेळेची घंटा वाजवू नये, एवढी स्वागत समितीची अध्यक्षांना विनंती.