गाळ उपसणाऱ्याची मजुरी



अशा एखाद्या व्याख्यानमालेचा जमाखर्च ज्यांनी कधी चाळला असेल त्यांना ठाऊक आहे, की मंडपाला देणगीदार मिळतो, पाठीवर नाव घालणार असाल तर खुर्च्यांनाही मिळतो. परंतु वर्षभर वर्गणीसाठी दारोदार फिरणाऱ्या माणसाचा येण्याजाण्याचा खर्च कोणत्या खात्यावर टाकावा, हा प्रश्न चिटणिसांना दरसाल पडतो. माझा आजचा विषय ह्याच जातीचा आहे. त्यातली माणसे जर्मनीत, अमेरिकेत, फिनलंडात राहणारी आहेत. पण त्यांचे काम आपणां सर्वांच्या खिशातल्या फोनमध्ये चालू आहे.

संगणकाकडून काम करून घ्यावयाचे तर त्याला आज्ञा लिहून द्याव्या लागतात. पुष्कळ कंपन्या हे लिखाण कुलपात ठेवतात आणि वापराचे दाम घेतात. मुक्त स्रोतवाले ते उघडे ठेवतात. कोणीही वाचावे, दुरुस्त करावे, वापरावे, दुसऱ्याला द्यावे, अशी परवानगीच सोबत लिहिलेली असते. ह्याला गावविहिरीची उपमा देण्याचा मोह होतो. परंतु आपल्या गावविहिरी सर्वांना कधीच उघड्या नव्हत्या, सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्यासाठी 1927 साली महाडला सत्याग्रह करावा लागला, हे स्मरून ती उपमा जरा संकोचानेच वापरतो. ही विहीर मात्र खरोखरीच सर्वांची आहे.

आणि विहिरीत गाळ साचतो. आज्ञावली एकदा लिहिली म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तिच्याभोवतीचे जग बदलत राहते. नवी यंत्रे येतात, जुन्या चुका उजेडात येतात, चोर नव्या युक्त्या शिकतात. म्हणून कोणीतरी रोज बसून पत्रांना उत्तरे द्यावयाची, आलेल्या दुरुस्त्या तपासावयाच्या, निम्म्या नम्रपणे परत करावयाच्या. ह्या कामात मिरविण्यासारखे काही नाही, आणि म्हणूनच त्याला देणगीदार नाही.

आता एक घडलेली हकीकत सांगतो. आपण फोनवरून बँकेचा व्यवहार करता तेव्हा मजकूर वाटेत कोणी वाचू नये म्हणून तो कुलूपबंद करून पाठवितात. हे कुलूप बनविणारी ओपनएसएसएल नावाची आज्ञावली 1998 पासून आहे, आणि जगातील असंख्य संकेतस्थळे तिच्यावर विसंबलेली आहेत. 2012 च्या मार्चमधील आवृत्तीत तिच्यात एक चूक शिरली. पलीकडच्या यंत्राने ‘मी अमुक इतका मजकूर पाठविला आहे, तो जसाच्या तसा परत पाठवा’ असे म्हटले, की मजकूर खरोखर तेवढा आहे की नाही हे न मोजताच उत्तर जाई. कमी पडलेली भरती शेजारच्या स्मृतीतून होई. त्यात कोणाचा परवलीचा शब्द असेल, कोणाची गुप्त किल्ली. 7 एप्रिल 2014 रोजी ही चूक जाहीर झाली. तिला हार्टब्लीड असे नाव पडले. दोन वर्षे ती उघड्या लिखाणात होती. वाचता सर्वांना येत होती, वाचण्याचे काम मात्र कोणाचे नव्हते.

लोकांनी मग हिशेब विचारला. तेव्हा कळले, की ह्या कामावर पूर्ण वेळ असणारा माणूस एक, आणि देणग्यांचे उत्पन्न वर्षाला सुमारे 2,000 डॉलर. बाकीचा संसार कंपन्यांची फुटकळ कंत्राटे घेऊन चाले. बोभाटा झाल्यावर थोड्याच दिवसांत सुमारे 9,000 डॉलर जमले, तेही बहुतेक पाच-पाच, दहा-दहा डॉलरांनी. ज्यांच्या दुकानाचे दार ह्या कुलपावर चालले होते त्या बड्या कंपन्या त्याच महिन्याच्या अखेरीस लिनक्स फाउंडेशनच्या विद्यमाने एकत्र आल्या, आणि प्रत्येकीने तीन वर्षे दरसाल किमान 1 लाख डॉलर देण्याचे कबूल केले. दिले हे चांगलेच झाले. परंतु घर जळाल्यावर बंबासाठी काढलेली ही वर्गणी होती, हे विसरता येत नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक बोधप्रद वाटते. पत्रे गुप्त ठेवण्यासाठी आणि आज्ञावलींवर खात्रीची मोहोर उठविण्यासाठी जीपीजी नावाचे साधन आहे. व्हेर्नर कोख ह्या जर्मन गृहस्थांनी ते 1997 साली लिहावयास घेतले आणि पुढे जवळजवळ एकट्याने सांभाळले. मध्यंतरी जर्मन सरकारचे साह्य मिळाले, ते संपले. 2013 पर्यंत परिस्थिती अशी झाली की हे सोडून सरळ नोकरी धरावी असे त्यांच्या मनाने घेतले. त्याच वर्षी जूनमध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी हेरगिरीची कागदपत्रे बाहेर आणली. ह्या वेळी हात काढून घेणे बरे नव्हे, असे कोख यांना वाटले, आणि ते राहिले. 2015 च्या फेब्रुवारीत प्रोपब्लिका ह्या अमेरिकी वृत्तसंस्थेने त्यांची ओढाताण छापली. तेव्हा एका दिवसात देणग्यांचा पाऊस पडला, आणि फेसबुक व स्ट्राइप यांनी दरसाल 50,000 डॉलर देऊ केले.

येथे पुष्कळ लोक गोष्ट संपवितात. माझ्या मते ती येथे सुरू होते. वर्तमानपत्रात आलेल्या करुण कहाणीवर एक वर्ष काढता येते, दहा वर्षे काढता येत नाहीत; दया ही मोसमी असते. कोख यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे वेगळी वाट धरली. जर्मन सरकारी कचेऱ्यांना गोपनीय कागदांसाठी मान्यताप्राप्त साधन हवे होते. तसे सिद्ध करून, त्याची हमी व मदत ते दाम घेऊन विकू लागले. आज्ञा उघड्याच राहिल्या, विकली ती जबाबदारी. ह्या वाटेतही धोका आहे. जो दाम देतो त्याच्या गरजा आधी भागतात, आणि साध्या वापरणाऱ्याचे गाऱ्हाणे ओळीत मागे पडते. तरी महिन्याच्या महिन्याला येणारा रुपया माणसाला डोके वर काढू देतो, एवढे मी म्हणेन.

पैसा आला म्हणजे सर्व झाले असेही नाही. फिनलंडातील लासे कोलिन हे एक्सझेड नावाची, मजकूर आवळून लहान करणारी आज्ञावली फावल्या वेळात, बिनमोबदला सांभाळीत. 2022 साली काम मंद चालल्याबद्दल काही अनोळखी मंडळी त्यांना टोचू लागली. आपली मनःप्रकृती ठीक नाही, आणि हा आपला विनावेतन छंद आहे, असे त्यांनी सौम्यपणे कळविले. त्याच सुमारास ‘जिया तान’ असे नाव घेतलेला एक मदतनीस मोठ्या चिकाटीने कामे उरकू लागला होता. दोन वर्षांनी त्याच्याच हातून त्या आज्ञावलीत एक चोरदरवाजा बसविला गेला. 29 मार्च 2024 रोजी आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्याने तो उघड केला; दूरच्या यंत्रावर प्रवेश मिळण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्या सुतावरून तो गृहस्थ तेथवर पोहोचला. थकलेल्या माणसाला पहिला हात पुढे करणारा चोर निघाला. त्याच्या आधी कोणी सज्जन का पोहोचला नाही, हे मला आजतागायत सलते. वेतन तर हवेच, पण पहिला माणूस धडधाकट आहे तोवर दुसरा तयार करावयास हवा. आणि त्या शिकवणीचा वेळही खर्चात धरला पाहिजे. तो कोणी धरीत नाही.

अलीकडे काही हालचाल दिसते. जर्मनीने 2022 साली ह्याच देखभालीसाठी सरकारी निधी उघडला. आपल्याकडे 2024 च्या ऑक्टोबरात बंगळूरच्या झिरोधा कंपनीने दरसाल 10 लाख डॉलरांचा फ्लॉस फंड जाहीर केला. एका प्रकल्पास 10,000 पासून 1 लाख डॉलरपर्यंत. आम्ही हे सारे फुकट वापरून मोठे झालो, ही कबुली त्यामागे आहे, आणि देणाऱ्याने अशी कबुली देणे मला रकमेइतकेच मोलाचे वाटते.

लहान मंडळींनी काय करावे, असे आरंभी एका तरुण मित्राने विचारले होते. माझे उत्तर ओबडधोबड आहे. आपल्याला महिन्याला किती लागतात तो आकडा संकोच न करता जाहीर करा. एका मोठ्या दात्यापेक्षा दहा मध्यम दाते शोधा. हिशेब विहिरीइतकाच उघडा ठेवा. आणि पुरेसे झाले की तसे सांगा. हे शेवटचे कोणी करीत असेल असे मला वाटत नव्हते. परंतु 2022 च्या जानेवारीत कोख यांनी आपल्या देणगीदारांना कळविले, की आमचे आता कामाच्या उत्पन्नावर भागते. आपण नियमाने पाठविता ती रक्कम बंद करावी, आणि ज्यांना अधिक गरज आहे अशा दुसऱ्या कोणास द्यावी.