हार्ड डिस्कला डुलक्या नकोत

बसमध्ये किंवा लोकलमध्ये असाल तर हेडफोन नीट लावा, कारण आज थोडा हिशोब आहे.

गेल्या काही दिवसांत तीन-चार जणांनी एकच प्रश्न विचारलाय. घरचा जुना डेस्कटॉप चालू आहे, पण अर्धा तास त्याला हात लावला नाही. मग फोटोंचं फोल्डर उघडलं, की सगळं सात-आठ सेकंद थिजतं. आतून 'घुंईं' असा आवाज येतो आणि मग फोटो दिसतात. "डिस्क मरायला टेकलीय का?" बहुतेक वेळा नाही. ती झोपली होती, तुम्ही तिला उठवलंत.

हे फक्त फिरणाऱ्या हार्ड डिस्कबद्दल, बरं का. एसएसडीत मोटरच नसते, त्यामुळे ज्यांच्याकडे फक्त एसएसडी आहे त्यांना हा प्रश्नच नाही. हार्ड डिस्कमधली तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे मारते आणि वाचणारं हेड तिच्यावर हवेच्या अगदी पातळ थरावर तरंगतं. काम नसेल तर हेड बाजूला ठेवता येतं, याला पार्किंग म्हणतात. आणखी वेळ गेला, तर मोटरच बंद करता येते.

आता वाचतं किती? डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क नुसती फिरताना साधारण ४ ते ५ वॉट घेते, झोपल्यावर १ वॉटपेक्षा कमी. म्हणजे ४ वॉट वाचले असं धरू. रोज २० तास झोपली, तर महिन्याला २.४ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर २४ रुपये. दोन कटिंग!

उलट अख्खा डेस्कटॉप नुसता चालू राहून ५० वॉट खात असेल, तर त्याच २० तासांचे महिन्याला ३० युनिट होतात, म्हणजे ३०० रुपये. तेव्हा बिलाची काळजी असेल, तर डिस्कच्या मागे लागू नका. पूर्ण कॉम्प्युटर स्लीपवर टाका. सोबत डिस्कही झोपते.

दुसरी बाजू झिजेची. थांबलेली मोटर पुन्हा वेगात आणायला डिस्क काही सेकंद २० वॉटच्या आसपास ओढते, आणि सगळ्यात जास्त ताण तेव्हाच येतो. जुन्या डेस्कटॉप डिस्कच्या माहितीपत्रकात अशा चालू-बंदची मर्यादा बऱ्याचदा ५० हजार दिलेली असते. दिवसाला दहा वेळा उठली तर १३ वर्षं निघतात. पण टायमर ५ मिनिटांवर ठेवला आणि अँटीव्हायरस किंवा टॉरेंट तिला सारखं उठवत राहिलं, तर दिवसाला शंभर वेळा सहज होतं. मग ५०० दिवसांतच मर्यादा गाठली.

पार्किंगचंही तसंच. काही कमी वीज खाणाऱ्या डिस्क फक्त ८ सेकंद शांतता मिळाली की हेड पार्क करतात. दर अर्ध्या मिनिटाला असं झालं, तर तासाला १२० वेळा. दिवसाला १० तास धरा, २५० दिवसांत ३ लाख! आणि अनेक डिस्कची मर्यादा ३ लाख ते ६ लाख एवढीच असते.

म्हणून माझा नियम सोपा आहे: झोपवायचं तर निवांत झोपू द्या, नाहीतर जागं ठेवा. डुलक्या नकोत.

विंडोज ज्या डिस्कवर आहे, ती तशीही फारशी झोपत नाही. तिला जागी ठेवा. फोटो-सिनेमांची दुसरी डिस्क दिवसातून एक-दोनदाच लागत असेल, तर एक तासाचा टायमर द्या. बॅकअपची बाहेरची डिस्क कॉपी झाली की 'सेफली रिमूव्ह' करून काढूनच ठेवा.

विंडोजमध्ये कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, मग ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज. तिथे 'टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर' दिसेल. बहुधा २० मिनिटं असतात. शून्य टाकलं की 'नेव्हर'. पण हा आकडा सगळ्या डिस्कना एकदम लागू होतो, आणि यूएसबीच्या डब्यातली डिस्क कधीकधी स्वतःचाच टायमर चालवते.

लिनक्सवाल्यांनो, 'एचडीपार्म' वापरताना एक खाच लक्षात ठेवा. कॅपिटल एसपुढे २० लिहिलं की २० मिनिटं होत नाहीत. २४० पर्यंतचा आकडा पाच-पाच सेकंदांत मोजला जातो, म्हणजे २० म्हणजे फक्त १०० सेकंद! एक तास हवा असेल तर २४२ लिहा.

आपली डिस्क किती झिजलीय ते बघायला विंडोजवर 'क्रिस्टलडिस्कइन्फो' घ्या, लिनक्सवर 'स्मार्टसीटीएल'. 'स्टार्ट स्टॉप काउंट' आणि 'लोड सायकल काउंट' आज लिहून ठेवा, आठवड्याने पुन्हा बघा. एकूण आकड्यापेक्षा तो किती वेगाने वाढतोय, हे महत्त्वाचं. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये खालच्या यादीतले आकडे सुरुवातीला हेक्साडेसिमलमध्ये असतात, ते ॲडव्हान्स्ड फीचरमधून दशमानात करून घ्या, नाहीतर उगाच घाबराल किंवा उगाच निर्धास्त राहाल.

आणि त्याच यादीत 'करंट पेंडिंग सेक्टर' शून्यापेक्षा जास्त दिसला, किंवा डिस्क जागी असतानाही 'टक्-टक्' करत अडकत असेल, तर टायमरचा विषय तिथेच सोडा. आधी फोटो दुसरीकडे कॉपी करा. आजीचा आवाज असलेला तो एकच व्हिडिओ त्याच डिस्कवर असेल, तर कुठलीही पॉवर सेटिंग त्याला वाचवणार नाही. दुसरी प्रत वाचवेल.

तुमचे आठवड्याचे दोन आकडे मला पाठवा, पुढच्या भागात त्यांच्यावर बोलू. भेटूच!