सीटचा दांडा आणि त्याची नळी

सायकल विकत घेतांना लोक तिचा रंग पाहतात, घंटा वाजवितात, चाक उचलून फिरवून पाहतात. सीटखालचा दांडा ज्या नळींत उतरतो तिच्या तोंडाकडे मात्र क्वचितच कोणाचें लक्ष जातें. वास्तविक बसलेल्या स्वाराचें बहुतेक ओझें त्याच दांड्यावाटें फ्रेमवर येतें. दांडा आणि नळी यांचा मेळ नीट बसला नसेल तर उत्तम पोलादाची सायकलही स्वाराच्या गुडघ्यांची वैरीण होते.

गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्ली तालुका हा दाट अरण्याचा मुलूख. 1982 च्या ऑगस्टांत चंद्रपूरचें विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला; तत्पूर्वीं हा भाग चंद्रपुराच्याच कारभारांत होता. सुरजागडच्या डोंगरांतील लोखंडाचा दगड मालमोटारींनीं बाहेर जातो. सायकल मात्र तयार होऊन बाहेरूनच येते. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमांतून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठीं साहाय्य मिळतें. आठवींत हातीं आलेली सायकल बारावीपर्यंत पुरवावयाची असते. या काळांत मुलगी वाढते, सायकल वाढत नाहीं. दांडा तेवढा दरवर्षीं बोट-दोन बोटें वर घ्यावा लागतो. तो वर येईल काय, आणि वर घेतलेल्या जागीं टिकेल काय, या प्रश्नांचा निकाल फ्रेम जोडली गेली त्याच दिवशीं बव्हंशीं लागलेला असतो.

फ्रेम बांधणाऱ्यास प्रथम हिशेब करावा लागतो. उभ्या नळीचा बाहेरचा व्यास पुष्कळदां 28.6 मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंचाला अष्टमांश इंच कमी, असतो. नळीच्या पत्र्याची जाडी 1.6 मिलिमीटर असेल तर दोन्ही बाजूंचे मिळून 3.2 वजा जाऊन आंत 25.4, म्हणजे नेमका एक इंच, उरतो. हलक्या सायकलीच्या नळीची जाडी तोंडाशीं 0.6 च असली तर आंत 27.4 उरतात, आणि तेथें 27.2 चा दांडा घालतात. बाजारांत दांडे दोन-दोन दशांशांच्या फरकानें मिळतात. दोन दशांश मिलिमीटर म्हणजे लिहावयाच्या साध्या कागदाच्या दोन तावांएवढी जाडी! एवढ्याशा अंतरावर सारा खेळ आहे.

परंतु कागदावरचा हिशेब भट्टींत टिकत नाहीं. उभ्या नळीच्या माथ्याशीं आडवी नळी आणि मागच्या चाकाकडून येणारे दोन दांडे एकत्र येतात, व तो सांधा पितळानें भरावयाचा तर सुमारें 900 अंश सेल्सिअस उष्णता द्यावी लागते. थंड होतांना धातु आखडतो आणि वाटोळें तोंड किंचित् लंबगोल होतें. कधीं पितळाचा थेंब आंत उतरून बसतो. म्हणून शहाणा कारागीर जोडणी पुरी झाल्यावर आंतून रीमर फिरवितो. भरपूर तेल सोडून, हळूहळू, एकाच दिशेनें. रीमर उलटा फिरविला कीं त्याच्या धारा बोथट होतात आणि नळीवर ओरखडे उठतात. नंतर माप घ्यावयाचें तें केवळ तोंडाशीं नव्हे, तर खोलवर तीन-चार ठिकाणीं, आणि प्रत्येक ठिकाणीं काटकोनांत दोनदां. तोंडाची चीर कापतांना तिच्या तळाशीं लहानसें वाटोळें भोक ठेवतात, नाहींतर तेथूनच तडा सुरू होतो. शेवटची परीक्षा हाताची. ग्रीस लावलेला दांडा तळहाताच्या हलक्या दाबानें सरळ उतरावा आणि बोल्ट ढिला असतांनाही डुगडुगूं नये.

दांडा बारीक निघाला तर काय होतें, हें कोणत्याही सायकलच्या दुकानीं पाहावयास मिळेल. बोल्ट आवळून आवळून चिरेच्या दोन्ही कडा वरच्या बाजूला एकमेकींस भिडतात, आणि तरीही खड्डा आला कीं सीट खालीं बसते. मग मध्यें डब्याच्या पत्र्याची पट्टी घालतात. तो उपाय चार दिवसांचा. सीट खचली कीं गुडघा पुरता उलगडत नाहीं, आणि शाळेची रोजची वाट दुखण्याची होते. उलट दांडा ठोकून बसविला असेल तर पहिल्या पावसाळ्यांतच गंजून नळीशीं एकजीव होतो. अॅल्युमिनियमचा दांडा पोलादी नळींत कोरडा ठेवला तर अधिकच घट्ट धरतो. मग सीट आठवीच्या उंचीलाच राहते!

एटापल्लीच्या रानांत मानवेल बांबू विपुल आहे. त्याचीच फ्रेम कां करूं नये, असें कोणी विचारील. कल्पना नवी नाहीं. 1894 सालीं लंडनमध्यें बांबूच्या सायकली निघाल्या होत्या, आणि अलीकडे पुण्यास वायुसेनेचे निवृत्त अधिकारी शशिशेखर पाठक यांनीं ‘बांबूची’ या नांवानें तशा सायकली घडविल्या आहेत. परंतु बांबू हवेंतील ओलाव्यानें फुगतो, उन्हाळ्यांत आकसतो, आवळला तर उभा चिरतो. दोन दशांशांचा मेळ त्याच्याकडून वर्षभर पाळला जाणें शक्य नाहीं. म्हणून बांबूच्या फ्रेममध्येंही सीटच्या दांड्यापुरती धातूची नळी चिकटवून बसवावी लागते आणि बोल्टाचा चिमटा तिलाच धरतो. शिवाय मानवेलीचे पुष्कळ वासे जवळजवळ भरीव असतात. उभ्या नळीसाठीं पोकळ वासा निवडूनच घ्यावा लागतो.

घरीं सायकल असेल त्यांनीं पावसाळ्यापूर्वीं एकदां दांडा पुरता बाहेर काढावा, नळीचें तोंड फडक्यानें पुसावें, दांड्यास ग्रीस लावावें. दांड्यावर एक आडवी खूण कोरलेली असते. ती नळीबाहेर कधींही दिसूं देऊं नये. खूण नसेल तर दांड्याचें खालचें टोंक आडव्या नळीच्या सांध्याच्या दोन बोटें तरी खालीं पोंचतें कीं नाहीं, हें बाहेरून मोजून पाहावें. मुलगी एवढी उंच झाली कीं ही मर्यादा पाळून पाय पुरते उलगडत नाहींत, तर लांब दांडा घ्यावा. तोही जुना दांडा बरोबर नेऊन, व्हर्नियरनें दोन्हींचीं मापें ताडून.