ऊसतोडीला निघण्याआधी म्हाताऱ्यांचे कागद बघा



दसरा-दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर, आष्टी, धारूर, वडवणी भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. उचल घेतलेली असते, मुकादमाचा निरोप आलेला असतो. मागे राहतात म्हातारी माणसे आणि फडावर नेता येत नाही असे अपंग. पट्टा पडेपर्यंत त्यांना निराधारच्या पगाराचाच काय तो आधार.

हा पगार याच दिवसांत थांबण्याचा धोका असतो. योजनेच्या नियमात हयातीचा दाखला दरवर्षी जानेवारी ते मार्च या काळात द्यायचा ठेवला आहे, आणि तेव्हा तर मुलगा-सून सांगली-कोल्हापूरला नाहीतर कर्नाटकात फडावर! आजीला बँकेत किंवा तहसीलला न्यायचे कोणी? म्हणून निघण्याआधी भावकीतल्या एखाद्या माणसावर हे काम सोपवा. पासबुक, आधार कार्ड आणि मंजुरीचा कागद एका पिशवीत घालून त्याला दाखवून ठेवा. यंदाची तारीख तहसीलमध्ये विचारून घ्या.

दुसरी गोष्ट खात्याची. डिसेंबर २०२४ पासून हे पैसे आधार जोडलेल्या खात्यावर थेट जमा होऊ लागले. जुने खाते एका बँकेत आणि आधार दुसरीकडे जोडलेले, असे असेल तर पैसे तिसरीकडेच शोधत बसाल. बँकेत जाऊन एकदा विचारा. जन्मभर राबलेल्या हातांची बोटे झिजतात, मशिनवर अंगठा उमटत नाही. त्यासाठी आधार केंद्रात ठसे नव्याने द्या, मोबाईलही जोडून घ्या.

आता पगार कोणाला मिळतो ते सांगतो. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली सुरू झाली. विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजाराचे रुग्ण अशा ६५ वर्षांच्या आतल्यांसाठी ती आहे. ६५ च्या पुढे श्रावणबाळ योजना. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत हवे. अपंगांना ही मर्यादा ५० हजार आहे, पण अपंगत्व किमान ४० टक्के असल्याचा दाखला लागतो. २०२३ पासून महिन्याला १,५०० रुपये झाले आणि अपंगांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५००. दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांच्या रकमेत केंद्राचा वाटा असतो, तो ८० वर्षांखाली फक्त २०० रुपये. बाकीचे राज्य घालते.

२१ हजारांची अट आजच्या महागाईत फारच तोकडी आहे, हे आम्हालाही पटते. पण अट आहे तोवर उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढलेला बरा. नवा अर्ज सेतूत किंवा तहसीलच्या संजय गांधी शाखेत द्या. मंजुरी करून देतो म्हणून कोणी पैसे मागेल, तर देऊ नका.

आणखी एक, जे पुष्कळांना ठाऊक नसते. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस वारला, मग तो फडावर वारला असो की गावात, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून घराला एकदा २० हजार रुपये मिळतात. बाहेरगावी मृत्यू झाला तर त्याची नोंद तिथेच होते. तेव्हा परत येताना मृत्यूचा दाखला बरोबर घेऊनच या. नंतर त्या एका कागदासाठी पुन्हा तेवढा प्रवास पडतो. अर्ज तहसीललाच द्यायचा, आणि पोच मागून घ्यायची.