ट्यून केलेल्या टर्बो गाडीला प्लग कोणता टाकायचा?

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजवरून घेतलाय. पलूसचा एक श्रोता आहे. गाडी तीन सिलिंडरची, एक लिटर टर्बो पेट्रोल. पुण्यात जाऊन स्टेज वन रिमॅप करून आणली. पिकअप जबरदस्त वाढला, पण चौथ्या-पाचव्या गिअरला पूर्ण दाबली की गाडी झटके मारते. आता एक मित्र म्हणतो इरिडियम टाक, दुसरा म्हणतो दोन नंबर थंड प्लग टाक, तिसरा म्हणतो कॉइल गेली. त्याचा प्रश्न एवढाच आहे: नक्की काय टाकू?

उत्तर देतो, पण आधी प्लगचं काम समजून घेऊ. नाहीतर नंबर पाठ होईल आणि उद्या दुसऱ्या गाडीला चुकीचा बसेल.

पलूस परिसराला इंजिन काही नवीन नाही. शेजारी किर्लोस्करवाडी १९१० पासून उभी आहे. कृष्णाकाठच्या मळ्यात डिझेल इंजिनावर पंप चाललेले आपल्या आजोबांनी बघितलेत. त्या डिझेल इंजिनाला प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि डिझेल फवारलं की आपोआप पेट घेतं. पेट्रोल इंजिनात मात्र असं आपोआप पेटणं म्हणजे संकट. तिथं कधी पेटायचं हे ठिणगीनेच ठरवायचं असतं. ठिणगीच्या आधी आतली एखादी लालबुंद वस्तू मिश्रण पेटवून बसली, तर पिस्टन वर येत असतानाच त्याच्या डोक्यावर स्फोटाचा दाब पडतो. याला प्री-इग्निशन म्हणतात. यात पिस्टन वितळतो, त्याला भोक पडतं. आणि ती लालबुंद वस्तू बऱ्याचदा प्लगचं टोकच असतं.

म्हणून प्लगच्या टोकाचं तापमान एका पट्ट्यात राहावं लागतं, साधारण ५०० ते ८५० अंश सेल्सिअस. त्याच्या खाली राहिलं तर टोकावर बसलेला कार्बन जळत नाही, प्लग काळा पडतो आणि ठिणगी कार्बनवरून घसरून जाते. वर गेलं तर प्री-इग्निशनचा धोका.

आता ‘गरम प्लग’ आणि ‘थंड प्लग’. ठिणगी दोन्हीची सारखीच गरम असते. फरक आहे तो टोकावरची उष्णता किती लवकर बाहेर जाते यात. आतली पांढरी चिनी मातीची नळी लांब असेल तर उष्णतेला लांबचा रस्ता, टोक गरम राहतं, तो गरम प्लग. नळी आखूड असेल तर उष्णता पटकन आट्यांतून हेडमध्ये आणि तिथून कूलंटमध्ये जाते, तो थंड प्लग. एका नंबरच्या फरकाने टोकाचं तापमान साधारण ७० ते १०० अंशांनी बदलतं.

इथं एक गोंधळ लक्षात ठेवा. एनजीके आणि डेन्सो यांच्यात नंबर वाढला की प्लग थंड होतो. बॉश आणि चॅम्पियन यांच्यात उलटं, नंबर कमी झाला की थंड. कंपन्यांच्या पट्ट्याही वेगळ्या. एनजीकेचा ६ नंबर म्हणजे डेन्सोचा २०, ७ म्हणजे २२, ८ म्हणजे २४. त्यामुळे दुकानात जाऊन नुसतं ‘सात नंबर द्या’ म्हणू नका. कंपनी आणि पूर्ण कोड सांगा. आट्यांची जाडी, लांबी, सीट, सगळं त्या कोडमध्ये असतं. लांबी चुकली तर प्लग थेट पिस्टनला लागू शकतो.

मग ट्यून केल्यावर किती थंड घ्यायचा? एनजीकेचा ढोबळ नियम असा, की दर ७५ ते १०० हॉर्सपॉवर वाढीला एक नंबर थंड. आपल्या श्रोत्याची वाढ समजा २५ हॉर्सपॉवर. नियमाने तर काहीच बदलायला नको. पण जरा हिशोब करू. हा नियम सिलिंडर किती ते विचारत नाही. आठ सिलिंडरच्या इंजिनात ७५ हॉर्सपॉवर वाढले, तर एका सिलिंडरच्या वाट्याला नऊ-साडेनऊ येतात. आपल्या तीन सिलिंडरमध्ये २५ वाढले, तर प्रत्येकी आठच्या वर. म्हणजे एकेका प्लगवरचा जादा भार जवळपास तेवढाच झाला! म्हणून माझं मत: छोट्या तीन सिलिंडर टर्बोला स्टेज वन केलं असेल आणि गाडी खरंच दाबून चालवत असाल, तर एक नंबर थंड घ्यायला हरकत नाही. दोन नंबर नको.

‘खरंच दाबून’ म्हणजे काय, ते ज्याचं त्याने प्रामाणिकपणे ठरवायचं. पुणे-पलूस येणं-जाणं, हायवे, खंबाटकीचा चढ, हे असेल तर प्लग तापतो. पण रोजचं काम घर ते एमआयडीसी, नाहीतर किर्लोस्करवाडी स्टेशनला कुणाला तरी सोडायचं, एवढंच असेल तर इंजिन नीट गरम व्हायच्या आत गाडी बंद होते. तिथं फार थंड प्लग टाकला की थोड्याच दिवसांत काळा पडणार, आणि सकाळी गाडी थरथरत चालू होणार. अशा वेळी कंपनीचाच नंबर बरा.

आता मुख्य मुद्दा, झटके. झटके वरच्या गिअरला, पूर्ण दाबल्यावरच येतात हे लक्षात घ्या. तेव्हा टर्बोचा दाब सगळ्यात जास्त असतो. सिलिंडरमध्ये हवा जितकी दाट, तितकं ठिणगीला गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइलची ताकद कमी पडली की ठिणगी विझते, मिसफायर होतो. म्हणून नवीन कॉइल घ्यायच्या आधी प्लगची गॅप मोजा. प्लग चालून चालून झिजतो आणि गॅप वाढत जाते. कंपनीच्या सेटिंगला ती सहज चालली असती, वाढलेल्या दाबाला चालत नाही.

समजा तुमच्या गाडीची मूळ गॅप ०.८ मिलिमीटर आहे. ०.७ करा आणि चालवून बघा. अजून झटके आले तर ०.०५ ने कमी करा. ०.६ च्या खाली उतरायची स्टेज वनला सहसा गरज पडत नाही. फार कमी केली तर ठिणगी बारीक पडते आणि गाडी आयडलला हलते. गॅप बसवताना फक्त बाहेरचा वाकडा दांडा हलवा. इरिडियमचं मधलं टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास बारीक आणि ठिसूळ असतं, त्यावर जोर दिला की तुटतं.

इरिडियमचं काय? इरिडियम २४४६ अंशांना वितळतं, निकेल १४५५ ला. त्यामुळे टोक बारीक ठेवता येतं, कमी व्होल्टेजला ठिणगी पडते आणि प्लग जास्त टिकतो. ज्याला दुकानात कॉपर प्लग म्हणतात त्याच्या आत तांबं असतं, पण टोक निकेलचंच. तो स्वस्त आहे, चालतोही, फक्त लवकर बदलावा लागतो. इरिडियमने पॉवर वाढत नाही. आणि इरिडियम असला तरी हीट रेंज बघावीच लागते.

पेट्रोलचीही एक गोष्ट आहे. आता पंपावर ई-२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. आपल्याच उसाचं असेल त्यातलं काही! इथेनॉलने ऑक्टेन वाढतो, पण त्याला हवेच्या मानाने इंधन जास्त लागतं. तेव्हा ट्यूनरला विचारा, मॅप कुठल्या पेट्रोलवर बसवलाय? १०० ऑक्टेनवर बसवलेला मॅप आणि टाकीत गावच्या पंपाचं साधं पेट्रोल, असं असेल तर नॉकिंग होणार. तो दोष थंड प्लगने जात नाही. तिथं मॅपच बदलून घ्यावा लागतो. पूर्ण दाबल्यावर खडखड ऐकू आली तर पाय काढा, प्लगवर प्रयोग करत बसू नका.

बसवताना इंजिन थंड असू द्या. आट्यांना ग्रीस लावू नका, नाहीतर टॉर्क रेंच दाखवतं त्यापेक्षा जास्त घट्ट बसतो. ॲल्युमिनियम हेडमध्ये वॉशरवाला १२ मिलिमीटर आट्यांचा प्लग साधारण १५ ते २० न्यूटन मीटर, १४ चा २५ ते ३०. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा. सैल राहिला तर उष्णता बाहेर जायचा रस्ताच तुटतो, आणि थंड प्लगही तापतो.

शेवटी, हजारभर किलोमीटरनंतर प्लग काढून बघा. काढण्याआधी गाडी जशी रोज चालवता तशीच चालवा. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर नंबर बरोबर. काळी कोरडी काजळी असेल तर प्लग फार थंड किंवा मिश्रणात पेट्रोल जास्त. पांढराफटक, फोड आलेला, टोक वितळल्यासारखं दिसत असेल तर गाडी तशी चालवू नका, आधी ट्यूनरकडे न्या. तिन्ही प्लग क्रमाने कागदावर ठेवून फोटो काढा. एकच वेगळा दिसला तर दोष त्या एका सिलिंडरचा, मग ती कॉइल दुसऱ्या सिलिंडरला लावून बघा. मिसफायर कॉइलबरोबर सरकला तर कॉइल गेली.

तर पलूसच्या मित्रा, तुझं उत्तर: आधी गॅप मोज आणि ०.७ कर. झटके थांबले तर पैसे वाचले. नवीन प्लग घ्यायचेच असतील तर त्याच कोडमधला, एक नंबर थंड, ओळखीच्या दुकानातून बिल घेऊन घे, कारण बाजारात नकली प्लग भरपूर आहेत. आणि तीन प्लगचा फोटो मला पाठव. पुढच्या भागात तुझी परवानगी असेल तर सगळ्यांना दाखवू. भेटूया!